गायनमंडळातला सुतारपक्षी

मुलांनो, एका जंगलात माणसांनी सोडून दिलेलं एक चर्च होतं आणि त्याच्या मनोऱ्यात एक सुतारपक्षी राहत असे. माणसं गेली तरी दर रविवारी तिथे उपासना व्हायची, कारण जंगलातले प्राणी तिथे जमत. म्हातारं कासव त्यांचं पाळक, म्हणजे धर्मगुरू होतं आणि कोकिळा गायनमंडळ सांभाळायची. सुतारपक्ष्याचं काम शनिवारचं. छताच्या एकेका तुळईवर तो चोच मारी आणि ऐकत राही. लाकूड भरीव आहे की वाळवीने आतून पोखरलंय, ते त्याला नुसत्या आवाजावरून कळे. देवाने त्याला कानच तसे दिले होते. पोखरलेली तुळई सापडली की तो कासवाला सांगे आणि माकडं येऊन टेकू लावत. मधल्या तुळईखालच्या बाकावर त्याची मैत्रीण खार बसायची. ती म्हणे, "तुझी टकटक ऐकली ना, की मी रविवारी बिनघोर बसते बाबा."

पण उपासना सुटली की सगळे जमायचे ते कोकिळेभोवती. "काय गोड गायलीस गं!" सुतारपक्ष्याला मात्र 'छान ठोकलंस हो' असं कधी कोणी म्हटलं नाही. उलट एकदा ससा म्हणाला, "शनिवारी जरा हळू ठोकत जा, झोपमोड होते." हे त्याच्या मनाला फार लागलं. तो तडक कासवाकडे गेला. "पाळकसाहेब, मलाही गायनमंडळात घ्या."

"आणि तुळया रे?" कासवाने विचारलं.

"त्यात कसली आलीय सेवा? बघेल कोणीतरी."

कोणाचं मन मोडायला नको म्हणून कासवाने मान डोलावली. तुळयांकडे अर्थातच कोणी बघितलं नाही. सुतारपक्षी पुढच्या रांगेत उभा राहून बेसूर आवाजात गाऊ लागला, आणि खरं सांगायचं तर त्याला फार बरं वाटलं. एके दिवशी खारीने विचारलं, "अरे, हल्ली तुझी टकटक ऐकू येत नाही."

"शनिवारी सराव असतो आता," तो तोऱ्यात म्हणाला.

"मग मी कुठे बसू?"

"बस की नेहमीच्याच जागी. इतकी वर्षं काही झालंय का?"

खार बिचारी बसली.

नाताळच्या उपासनेत, गाणं अगदी रंगात आलं असताना, मधली तुळई कडाडली आणि खाली आली. बाकीचे बाहेर पळाले. खार तेवढी तुळईखाली राहिली. धूळ बसल्यावर सुतारपक्षी तुळईवर उतरला आणि सवयीने त्याने एकदाच चोच मारली. आतून पोकळ आवाज आला. शनिवारी एवढंच केलं असतं तर पुरलं असतं. तो कासवाकडे बघू शकला नाही. कासव म्हणालं, "मीही चुकलो. विचारलं आणि तुझं उत्तर ऐकून गप्प बसलो. पाळक म्हणवतो मी स्वतःला."

खारीला त्यांनी कुंपणापाशी पुरलं. पुढच्या रविवारी भीतीपोटी थोडेच आले, मग तेही यायचे थांबले. कोकिळा दुसऱ्या जंगलात निघून गेली. सुतारपक्षी अजून दर शनिवारी उरलेल्या तुळया एकेक करून ठोकून बघतो. सगळ्या भरीव आहेत. त्यांच्याखाली आता कोणी बसत नाही.

तात्पर्य : देवाने मंडळीच्या सेवेसाठी आपल्याला जी कुवत दिली, ती कोणी वाखाणो वा न वाखाणो, वापरत राहावी, आपण ती टाकून दिली तर तिची किंमत आपल्यावर विसंबून बसलेल्यालाच मोजावी लागते.