चौथा ठराव

“नुसती सही करायची आहे, गुरुजी. तेवढीही नाही करणार?”

गुरुजींनी कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि उडू नये म्हणून त्यावर अडकित्ता ठेवला.

“पाणी घे,” ते म्हणाले.

मनसाराम कोवे पाणी प्यायला आलेला नव्हता. चार वेळा निवडून आलेला आमदार. मुंबईत त्याला बघून लोक खुर्च्या पुढे सरकवतात. असा माणूस आज गाडी मैलभर मागं ठेवून, चिखल तुडवत, एकोणीस वर्षांनी या उंबऱ्याशी आला होता.

बोरकुटे गुरुजींनी त्याला आश्रमशाळेत पाटीवर हात धरून अक्षरं शिकवली होती. पुढे गुरुजी आमदार झाले, आणि त्यांच्या शेवटच्या खेपेला हाच शिष्य निवडून येऊन समोरच्या बाकावर बसला. आता गुरुजी ब्याऐंशीचे. बायको गेलेली, मुलगा लांब. नदीकाठी एक खोली आणि एक खाट. येणारंजाणारं कुणी नाही, म्हणून दाराला कडीसुद्धा लावत नसत.

खिडकीतून नदी दिसत होती. आश्विन लागला होता, तरी पाणी उतरलेलं नव्हतं.

पलीकडे चौदा गावं. त्यांतलंच एक मनसारामचं. पावसाळ्याचे चार महिने ती गावं तिकडे अडकून पडतात. पूल हवा. पुलाला पैसा हवा, जंगलातून रस्ता काढायला परवानगी हवी, आणि दोन्ही गोष्टी दिल्लीच्या हातात. राज्याच्या विधानसभेनं फार तर ठराव करायचा, की बाबांनो, एवढं कराच.

तसा ठराव तीनदा झाला होता.

“चौथा येत्या अधिवेशनात आहे,” मनसाराम म्हणाला. “सगळ्या पक्षांचे नेते राजी आहेत. शिवाय जिल्ह्यातल्या आजी-माजी आमदारांच्या सह्यांचं पत्र जोडतोय. सतरा सह्या झाल्या, तुमची तेवढी राहिली. मग दिल्लीला छातीठोकपणे सांगता येईल, या पुलाला विरोध करणारा माणूस उरलेला नाही.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

“बरं वाटते तुले तसं?”

हे कुणी विचारेल असं मनसारामला वाटलं नव्हतं. …बरं वाटत नव्हतं. मागच्या दोन्ही वेळा ठराव एकमतानं झाला तेव्हा बाकं वाजली होती. लोकांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं होतं. मग सगळे चहाला गेले आणि तो त्या भल्यामोठ्या सभागृहात फाईल घेऊन एकटाच बसून राहिला. पुढे कुणी कधी विचारलं नाही, की मनसाराम, तुझ्या पुलाचं काय झालं. सगळेच त्याच्या बाजूचे होते. विचारणार कोण?

पण हे गुरुजींना सांगायचं नव्हतं. निदान यांना तरी नाही.

“पहिल्या ठरावाला तुम्ही नाही म्हणालात,” तो म्हणाला.

एकोणीस वर्षं साठलेलं बाहेर पडलं. त्या दिवशी अध्यक्षांनी मत विचारलं, चारी बाजूंनी ‘होय’ आलं, आणि मग समोरून एकच आवाज आला. ज्या आवाजानं त्याला पाढे शिकवले तोच. नाही.

“सगळ्या सभागृहात एकटे तुम्ही! माझे गुरुजी! तुमच्या त्या एका शब्दानं पूल अडला.”

गुरुजींनी मान डोलावली. रागावले नाहीत.

“मंग दिल्लीहून ते तिघं जण काहून आले होते?”

“कोण तिघं?”

“टोपीवाला एक होता. बांबू घालून पाणी मोजलं त्यानं. इथंच उभा होता, या खिडकीखाली.”

आले होते खरे. मनसाराम विसरूनच गेला होता. तुमच्या सभागृहात कुणीतरी हरकत घेतली, ती खरी की खोटी ते पाहायला आलो, असं म्हणाले होते. आठ दिवस राहिले. मग तिकडचं सरकार बदललं आणि सगळं बारगळलं.

“दुसऱ्या ठरावाले कोण आलं?”

“तो एकमतानं झाला. पत्र मिळाल्याची पोच आली.”

“तिसऱ्याले?”

“तोही एकमतानं.”

“आलं कोण?”

“…पोचही नाही आली.”

बाहेर एक पाणकोंबडी ओरडली आणि थांबली.

“पहिल्या बारीले किती बोलला होतास?”

“पन्नास मिनिटं. तुम्ही विरोधाला उभे राहिलात म्हटल्यावर बोलावंच लागलं.”

“तिसऱ्या बारीले?”

“चार मिनिटं.”

“आन आता?”

“आता भाषण नाहीच. तसं ठरलंय. जेवणाच्या सुट्टीआधी ठराव पुकारतील, सगळे होय म्हणतील. दोन मिनिटांचं काम.”

गुरुजींनी अडकित्ता उचलला. कागदाची नीट घडी केली आणि मनसारामच्या हातात परत दिली.

“नाही.”

“काय नाही?”

“पूल नको. माझा विरोध लिहून घे.”

“काहून?”

गावाकडचा हा शब्द मनसारामच्या तोंडून कसा निघाला ते त्यालाच कळलं नाही. मुंबईत त्यानं तो कधीच टाकून दिला होता.

“दोन हजार माणसं तिकडं,” गुरुजी सावकाश म्हणाले. “तेवढ्यासाठी एवढा मोठा पूल? ढिवराचा डोंगा आहे ना. बसावं डोंग्यात, यावं इकडं. दिल्लीनं काहून पैसा द्यावा?”

मनसाराम ताडकन उठला. तांब्या लवंडला.

“डोंगा? डोंगा त्या दिवशीबी होता, गुरुजी!”

“कोणत्या दिवशी?”

“मैनीले कळा लागल्या त्या दिवशी! डोंगा होता, पन या काठाले बांधला होता. आमी त्या काठाले. खाटेवर तिले घालून आनलं होतं. नदी अशी भरून. सकाळपासून हाका मारल्या मी. ढिवर उभा दिसे. त्याले आयकू जात होतं, हात हालवे तो. पन त्या पान्यात डोंगा घालन कोन? त्यालेबी लेकरं होती.”

तो थांबला.

“दिवस कलला तरी मी हाका मारतच होतो. ती मले म्हने, दादा, नको ओरडू, तुया घसा बसंल…”

मैनी त्याची धाकटी बहीण, त्याच काठावर गेलेली. एकोणीस वर्षांपूर्वी सभागृहात त्यानं तिचं नाव घेतलं होतं, गुरुजींच्या विरोधाला उत्तर देताना. दुसऱ्या ठरावाच्या भाषणातून तिला वगळलं. सगळेच राजी आहेत तर कशाला सांगायचं, असं वाटलं होतं. तेव्हापासून हे नाव त्याच्या तोंडी आलं नव्हतं. घरीसुद्धा नाही.

आता ते आलं आणि त्याच्यामागून बाकी सगळं आलं. जेठ महिन्यातच चार महिन्यांचं मीठ भरून ठेवणाऱ्या बाया आल्या. दिवाळीनंतर गठ्ठ्यानं येणारं टपाल आलं, त्यात नोकरीचं बोलावणं होतं आणि मुलाखतीची तारीख श्रावणातली होती. पलीकडच्या शाळेत मास्तर म्हणून गेलेला आणि पाणी चढल्यावर तापानं तिथंच गेलेला एक तरुण आला. मनसाराम येरझारा घालत, हात नाचवत बोलत होता, गावाच्या बोलीत. मध्येच रडत होता आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती.

गुरुजी एकदोनदा म्हणाले, “बरं, पन यानं काय सिद्ध होते?” आणि तो दुप्पट जोरानं बोलू लागला.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं आणि मावळलं.

शेवटी शब्द संपले. घसा पार बसला होता. गुरुजींनी तांब्या उचलला, माठातून भरून आणला आणि त्याच्यापुढे धरला. या वेळी मनसाराम घटाघटा प्यायला.

मग त्यानं घडी उलगडली आणि पेन पुढे केलं. मोठा आमदार कुठल्या कुठे गेला होता. गणित तपासून घ्यायला उभ्या असलेल्या पोरासारखा तो उभा होता.

“आता तरी, गुरुजी?”

गुरुजींनी पेनाला हात लावला नाही. त्यांनी नदीकडे पाहिलं. पलीकडे, लांबवर, कुणाच्या तरी चुलीचा धूर निघत होता.

“अजून पटलं नाही मले,” ते म्हणाले. “उद्या येजो. मैनीपासून सांगजो.”