समाधीवरची उलटी वेल

"पण बाबा, ही उलटीच का चढते?"

शेषपुरीने विचारलं तेव्हा त्याच्या हातात कोयता होता.

गोसाव्यांच्या त्या लहानशा मठात तो नवा शिष्य. आधी वैद्यकी शिकलेला, त्यामुळे झाडपाला ओळखण्याची भारी घमेंड. समाधीच्या मांडवाशी उगवलेलं रोप त्याने तीन पानांवरून पळस ठरवलं होतं. त्या रोपाने खांबाला विळखा घातला तेव्हा जराही न ओशाळता म्हणाला, "मग पळसवेल!" नशीब, ते तरी बरोबर निघालं.

लक्ष्मणपुरीबाबा खांबाशी बसले होते. पानं झडून वेल नुसती काडी झाली होती, पण यंदा पहिल्यांदाच तिने कळ्या धरल्या होत्या. त्यातल्या बऱ्याचशा मातीत पडल्या होत्या.

"या गळल्या कशा रे?"

"मी शेंडे सोडवून पुन्हा बांधतो ना. समाधीला सगळे उजवी प्रदक्षिणा घालतात आणि ही बया डावी! कितीदा सरळ केली, पुन्हा आपली उलटी. समाधीपाशी असलं अशुभ नको. आज तोडतोच."

"फुलं कशी येतात हिला?"

"केशरी, म्हणतात. मी पाहिली नाहीत."

"मीही नाही..."

म्हातारा खरंच हळहळला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, वेलीच्या मुळाशी डोकं टेकून मातीत उताणा झाला.

"ये. इथून बघ."

शेषपुरी नाइलाजाने शेजारी आडवा झाला. वर पाहिलं... आणि पाहतच राहिला.

"बाबा, इथून तर ही उजवी जाते!"

"जाते का?"

तो धडपडत उठला. उभ्याने खालचे वेढे पाहिले. डावी. पुन्हा मान जमिनीला लावली. उजवी. उठला. डावी.

"मग खरी कोणती?"

बाबा कोपरावर रेलून उठू पाहत होते.

"सांगा ना, बाबा! आता बांधू कशी?"

"आधी मला उठव. कंबर धरली. हात दे."

शेषपुरीने चटकन हात पुढे केला आणि चपापून मागे घेतला. डावा होता. गुरूला डावा हात कसा द्यायचा?

"डावाच दे," बाबा म्हणाले. "उजव्यात तुझ्या कोयता आहे."