लाल गाडीच्या स्प्रिंगा

गाड्या मनातलं बोलून दाखवायच्या, त्या काळातली गोष्ट. शर्मिष्ठाच्या लाल स्पोर्ट्स कारला शर्यतीसाठी नव्या स्प्रिंगा निवडायच्या होत्या. कडक स्प्रिंगा म्हणाल्या, "आम्ही कुणापुढं वाकत नाही!" गाडी त्या ताठ्यावर भाळली, आणि शर्यतीत पहिलीही आली.

शर्यत झाली की आईला शेजारी बसवून डोंगरावरच्या देवाला जायचं, हा शर्मिष्ठाच्या घरचा रिवाज. दुसऱ्याच खड्ड्याला आई कळवळल्या, "थांबव गं बाई, मी चालत येते." गाडी शरमेनं अर्धमेली झाली.

पुढच्या शर्यतीला तिनं जरा वाकणाऱ्या स्प्रिंगा मागून घेतल्या. नंबर दुसरा आला. देवाला जाताना, घाटात पहिल्या नंबरची गाडी मागून हॉर्न वाजवू लागली, तेव्हा लाल गाडी ऐटीत म्हणाली, "हळू! आमच्या आई झोपल्यात."