लाखोलीतलं उरलेलं फूल

राजा अरिमर्दनाला नव्या वेशीवर कोरायला एक आकडा हवा होता! शेजारच्या राजाने वेशीवर सिंह कोरला होता, मग आपणही सिंहच कसा कोरायचा? पण आकडाही साधासुधा नको. चांगला लाखाच्या वरचा हवा, आणि दुप्पट करा, तिप्पट करा, त्याचे अंक तेच राहिले पाहिजेत. एकही नवा अंक आत शिरता कामा नये! नवं कुणी आलेलं महाराजांना खपतच नसे. राज्याभिषेकापासून दरबारात तेच सहा प्रधान होते.

राजज्योतिषी त्र्यंबकशास्त्री पुष्कळ डोकं खाजवून म्हणाले, "महाराज, लाखाचं सोडा, शून्य घ्या! कितीही पट करा, शून्यच!"

"माझ्या वेशीवर शून्य?" महाराज कडाडले. तेव्हापासून शास्त्रीबुवा मागच्या रांगेत बसू लागले.

ही वेस उभी राहणार होती भिवरा माळणीच्या फुलबागेत. त्या बागेवर तिचं घर चालायचं. ती तडक दरबारात आली.

"महाराज, माझी बाग उपटू नका!"

"आकडा दे, बाग ठेव! नाहीतर उद्या सकाळी कुदळी!" महाराज म्हणाले, आणि सगळा दरबार खो खो हसला.

भिवरेने कमरेवर हात ठेवले. "एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. घ्या मांडून!"

शास्त्रीबुवांनी पाटीवर मांडलं, १४२८५७. दुप्पट केली, २८५७१४. तिप्पट केली, ४२८५७१. मग चौपट, पाचपट, सहापट. दर वेळी तेच सहा अंक!

"अगं, हा सापडला कुठे तुला?" महाराजांनी विचारलं.

"तुमच्याच नवसात! गेल्या श्रावणात तुम्ही दहा लाखोल्या वाहिल्यात. दहा लाख फुलं, सात देवळांत सारखी वाटून. फुलं मीच पुरवली. दर देवाला एवढीच आली. एकेक देऊळ उरकत बेरीज करत गेले, तर अंक तेच, जागा तेवढ्या बदललेल्या. म्हटलं, हा तर आपला दरबारच! राज्य वाढतं, माणसं तीच, आसनं तेवढी फिरतात!"

सहाही प्रधान एकदम छताकडे बघू लागले.

शास्त्रीबुवांना मात्र चेव आला. "आणि सातपट? ९९९९९९! अंक बदलले, महाराज! शिवाय दहा लाखांत एक फूल कमी! हिने देवाचं फूल चोरलं!"

पण भिवरेची जीभ थांबली नाही.

"सातपट केली की सगळेच नऊ, महाराज. थोर कोण नि लहान कोण, काही कळायचं नाही. चालत असेल तर खुशाल करा!"

"नको, नको! सहापट पुष्कळ झाली!" महाराज घाईघाईने म्हणाले. "पण ते फूल?"

"एकच उरलं होतं. एका देवाला द्यावं, तर बाकीचे सहा रुसणार, आणि राग काढणार तुमच्या राज्यावर! म्हणून मीच माळलं. देवांचं भांडण माझ्या डोक्यावर, तुम्ही मोकळे!"

महाराज इतके हसले, की मुकुट डोळ्यांवर आला. त्यांनी वेस तिथून हलवून शास्त्रीबुवांच्या अंगणात नेली. भिवरेची बाग वाचली, आणि वर तिला मिळालं सोन्याचं एक फूल. तेही एकच असल्यामुळे वाटणीचा प्रश्नच आला नाही!