नको म्हणणारी मोटार

"राजाच्या मोटारीत पातळ तेल? आमच्याकडे बासुंदीसुद्धा पातळ चालत नाही!" करंजगडचे महाराज उदाजीराव गरजले.

मोटार होती लहानशी, पेट्रोलवर चालणारी. पण मालट्रकच्या इंजिनात घालतात तसलं सगळ्यात दाट तेल महाराजांनी हट्टानं तिच्यात ओतायला लावलं होतं. डोंगरावरच्या थंडीत ते काकवीसारखं घट्ट व्हायचं आणि मोटार जागची हलायची नाही. परवा तर स्टेशनवर वाट पाहून कंटाळलेल्या राणीसाहेब बैलगाडीनं घरी आल्या. तेव्हापासून त्या महाराजांशी बोलत नव्हत्या.

दोष अर्थातच ड्रायव्हर रखमाजीचा.

"सरकार," तो चाचरत म्हणाला, "तेल मालकाचा मान बघून नाही, मोटारीचा जीव बघून घालावं. हवं तर तिलाच विचारा."

बोलला आणि त्यानं जीभ चावली. आपलं तोंड डोक्याला न विचारता चालतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"विचारूच," महाराज म्हणाले. "उद्या सकाळी मोटारीनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. नाही सांगितलं, तर तू हत्तीखान्यात शेण काढायला."

रखमाजीनं दिवसभर मोटारीची मनधरणी केली. पण घरची शेळीसुद्धा त्याचं ऐकत नसे, तिथं मोटार काय ऐकणार? शेवटी सवयीनं त्यानं स्टार्टर दाबला, आणि दचकून पुन्हा दाबून पाहिला.

सकाळी कडाक्याची थंडी होती. शालीत गुरफटलेले महाराज आले.

"सरकार, बॉनेटला कान लावा," रखमाजी म्हणाला आणि त्यानं स्टार्टर दाबला.

"न्नको... न्नको... न्न...को," असं कण्हून मोटार गप्प झाली.

महाराजांच्या भुवया चढल्या. "काय म्हणाली?"

"सरकारांनी ऐकलं तेच."

"बरं. तुझं तेल घाल. उद्या पुन्हा विचारू."

दुसऱ्या दिवशी थंडी तेवढीच होती. रखमाजीनं जुनं तेल काढून लहान मोटारीला साजेसं, बेताचं पातळ तेल भरलं होतं. स्टार्टर दाबताच मोटार "चला-चला-चला" करत झटक्यात सुरू झाली.

महाराज थोडे वरमले, पण हट्ट कुठला सुटतोय? "मग याहून पातळ घाल. शिवणयंत्राचं!"

"घालतो, सरकार. पण मग घाटात इंजिन तापून ती 'मेले, मेले' म्हणंल. तेव्हा कान मात्र तुम्ही लावा."

महाराज पोट धरून हसू लागले. "करंजगडात मला तोंडावर 'नको' म्हणणारी ही एकटीच निघाली, आणि मी तिला बिघडलेली समजत होतो!"

त्यांनी डोक्यावरची जरीची पगडी काढून रखमाजीला घातली. ती इतकी मोठी होती की कानांखाली उतरली, आणि महाराज पुढं किती वेळ हसत होते ते बिचाऱ्याला नीट ऐकूच आलं नाही.