नववी ओळ

फार फार वर्षांपूर्वी एका रुंद नदीच्या काठी एक म्हातारा कवी राहत होता. त्याचे नाव शेवटी सांगतो. जरा धीर धरा.

त्या काळी कवितेच्या शेवटच्या ओळीत कवीने आपले नाव गुंफायची रीत होती. आमच्या कवीचा सगळा जीव त्या एका ओळीत. वैद्याने नाडी पाहून सांगितले, "आजोबा, यंदाची दिवाळी अवघड दिसते." त्यावर म्हातारा ऐटीत म्हणाला, "देह जाईना का! शेवटची ओळ मला मरू देणार नाही."

एकदा पलीकडच्या गावी लेकीला भेटायला तो होडीत बसला. चार नावाडी वल्ही मारता मारता गाऊ लागले.

"पल्याड माझी माय, चूल पेटवून बसली..."

गाणे त्याचेच होते! म्हाताऱ्याचा ऊर भरून आला. पण आठ ओळी झाल्या, होडी काठाला लागली आणि गाणे थांबले.

"अरे, नववी ओळ राहिली की!" कवी ओरडला.

"ती आम्ही कधी म्हणतच नाही, आजोबा," थोरला नावाडी म्हणाला. "आठांत काठ येतो."

"तिच्यात कवीचं नाव आहे, माहीत आहे का?"

"नाही बुवा. पण गाणं झकास आहे. म्हटलं की हात दुखत नाहीत."

कवीच्या अंगाचा तिळपापड झाला. लेकीने वाढलेली खीरसुद्धा त्याला गोड लागली नाही. दुसऱ्या दिवशी परतताना त्याने आधी नावाड्यांकडून नववी ओळ घोकून घेतली, मगच होडीत पाय ठेवला.

वरच्या अंगाला पाऊस होऊन नदी फुगली होती. होडीत एक तान्ह्या बाळाची आई होती, दोन म्हाताऱ्या होत्या. आठ ओळी झाल्या, काठ आला नाही. नववी झाली, कवीचे नाव आले आणि गाणे संपले. ठेका तुटला, वल्ही एकमेकांवर आपटली. होडी गर्रकन फिरली. बाळाच्या आईने किंकाळी फोडली.

"आजोबा, पुढं काय?" थोरला ओरडला.

पुढे काहीच नव्हते. नावानंतर काय असणार? म्हाताऱ्याने एकदा त्या बाळाकडे पाहिले. मग आपली लाडकी ओळ टाकून तो आठवीपासून खड्या आवाजात गाऊ लागला,

"हात माझे थकले, तरी जायचंच मला,
पल्याड माझी माय, चूल पेटवून बसली..."

शेवट पुन्हा सुरुवातीला जाऊन मिळाला. चौघांना ठेका सापडला. गाणे तीनदा फिरले तेव्हा कुठे काठ आला.

उतरताना थोरल्याने विचारले, "आजोबा, तुमच्या नावाची ओळ आता कुठं घालायची?"

"राहू दे रे," म्हातारा हसला. "तिच्यापाशी गाणं थांबतं."

दिवाळीआधीच तो गेला, पण समाधानाने गेला. बाजेवर पडल्या पडल्या त्याला रोज नदीवरून आपले गाणे ऐकू येई, आणि वैद्याने दिलेला कडू काढा तो तक्रार न करता पिई.

आता नावाचे. मी त्या नदीवर जाऊन पुष्कळांना विचारले, पण ते कुणालाच ठाऊक नाही. गाणे मात्र सगळ्यांना येते.

ध्यानात ठेवायचे ते एवढेच: ज्याचे काम दुसऱ्याला काठाला लावते, तो नावावाचूनही मागे उरतो.