सुनेच्या ताटात

धान्याच्या पेठेसाठी नावाजलेल्या एका गावी एकदा एक वृद्ध वैद्यबाई राहत असत. सगळे त्यांना अक्का म्हणत. शहरातून वैद्यकी शिकून आलेली वसुधा त्यांच्या हाताखाली होती. मुलगी हुशार, पण तोंडात शब्द मोठमोठे. रुग्ण उंबरा ओलांडतो न ओलांडतो तोच तिचे निदान तयार असे.

दिवाळीनंतर एके दिवशी पेठेतल्या बड्या व्यापाऱ्याची पत्नी सुनेला घेऊन आली. सुनेचे नाव चंद्रकला. लग्नाला बराच काळ लोटला तरी कूस उजवली नव्हती आणि कित्येक महिन्यांत पाळीही आली नव्हती. सासूबाई स्पष्टच बोलल्या, "अक्का, काय औषध असेल ते द्या. अक्षय तृतीयेपर्यंत काही फरक दिसला नाही, तर मुलासाठी दुसरी सोयरीक बघणार." चंद्रकला पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली.

वसुधेने तिला तपासले, पापणी उलटून पाहिली. "रक्तक्षय आहे, संप्रेरकांचं असंतुलन आहे, अंडाशयातून बीजच सुटत नाहीये," ती एका दमात म्हणाली. सासूबाईंना त्यातले एवढेच कळले, की दोष सुनेत आहे. चंद्रकलेचे डोळे भरून आले.

अक्कांनी रक्तासाठी लोहाच्या गोळ्या तेवढ्या दिल्या. मग म्हणाल्या, "उद्यापासून दुपारी मी तुमच्याकडे जेवायला येईन. पण सुनेच्या ताटात, तिच्याबरोबर."

वसुधा ओशाळली. ज्या बाईने कुणाच्या दारचा चहाही उगाच घेतला नाही, तिने श्रीमंताघरी जेवण मागून घ्यावे, हे तिला पटेना. तरी ती सोबत गेली.

त्या घरी आधी पुरुष जेवत, मग मुले, मग सासूबाई आणि सगळे आवरल्यावर सून. अक्का शेवटपर्यंत थांबल्या. चंद्रकलेच्या ताटात आमटीचे पाणी आणि करपलेली अर्धी भाकरी आली. अक्का मांडी घालून शेजारी बसल्या आणि त्याच ताटात त्यांनी हात घातला. सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखे झाले. घरी आलेल्या पाहुणीला तळाचे कसे वाढायचे?

दुसऱ्या दिवसापासून त्या ताटासाठी डाळ, पालेभाजी, दही, शेंगदाण्याची चटणी, लिंबाची फोड आधीच बाजूला निघू लागली. अक्का दोन घास खात आणि ताट चंद्रकलेपुढे सरकवीत. "मला म्हातारीला किती लागतं, बाळ? संपव तू."

शिमगा जवळ आला तेव्हा एका सकाळी चंद्रकला आली, अक्कांच्या कुशीत शिरून रडू लागली आणि रडता रडता हसली. पाळी आली होती.

ती गेल्यावर वसुधेने विचारले, "अक्का, माझं निदान चुकलं होतं का?"

"एकही शब्द चुकीचा नव्हता," अक्का म्हणाल्या. "पण संप्रेरकं म्हणजे तरी काय गं? शरीरानं शरीराला धाडलेले निरोप. खायला पुरेसं मिळेना, की शरीर आधी बाईचा जीव राखतं आणि बाळासाठीचे निरोप थांबवतं. तो दोष नव्हे, शहाणपण आहे. हे मी सासूला तोंडी सांगितलं असतं, तर धान्याच्या पेढीवर उपासमार कसली म्हणून तिनं मलाच वाटेला लावलं असतं. तू रोग ओळखलास, पोरी. तिची भूक मात्र तुला दिसली नाही."

"आणि मूल?"

"वाट मोकळी होतेय. पुढे तपासण्या करायच्या झाल्या, तर नवऱ्याच्याही करू. मूल दोघांचं असतं."

त्या दुपारी दोघी पुन्हा त्या घरी गेल्या. ताट भरलेले होते. सासूबाई म्हणाल्या, "दुसऱ्या सोयरिकीचं नावही मी आता तोंडातून काढणार नाही." अक्कांनी त्यांच्याकडे पाहिले. "तुम्ही जेवलात?"

सुनेचे ताट आधी काढायचे म्हणून सासूबाई आता शेवटी जेवत होत्या. "मला सवय आहे," त्या हळूच म्हणाल्या. "सून होते तेव्हा तळाचंच खाल्लं. जेवलीस का, म्हणून कुणी कधी विचारलं नाही." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

वसुधेच्या ओठांवर या वेळी एकही मोठा शब्द आला नाही. ती उठली, तिने आणखी एक ताट मांडले आणि सासूबाईंचा हात धरून त्यांना सुनेशेजारी बसवले. मग ती दोघींना वाढू लागली.